रावसाहेबांचा भोंगा

साखर पेठ, सोलापूर
१८ नोव्हेंबर १९७३

चि. मानसिंगास आक्काचा आशीर्वाद.

तू पत्र पाठवत नाहीस म्हणून मीही पाठवायचं नाही असं ठरवलं होतं. पण गरज माझी आहे, म्हणून ठराव मागे घेते.

ह्यांची तब्येत तू दसऱ्यानंतर बघून गेलास तशीच आहे. उजवं अंग गेलं ते गेलंच, वाचाही नाही. डावा हात तेवढा चालतो. मी पाटी-पेन्सिल दिली, एवढ्या पोरांना शिकवलं तर नवऱ्याला का नाही म्हणून. नुसत्या वेड्यावाकड्या रेघा ओढतात आणि डोळ्यांतून पाणी काढतात. पाटी उचलून ठेवली. आता दिवसभर त्या खिडकीकडे हात करतात. मी पडदा सारते, पुन्हा हात करतात. पडदा उघडते, तरी हात करतात. खिडकीपलीकडे पत्र्याच्या शेडमध्ये गाडी उभी आहे. तिची आठवण येत असणार, दुसरं काय?

आणि लिहायला बसले ते त्या गाडीमुळेच. तुला आठवत असेल, चादरींचे नमुने घेऊन हे गावोगाव फिरायचे, तेव्हा मंगळवेढ्यात गाडीतून अख्खे गठ्ठे चोरीला गेले होते. मग ह्यांनी निंगप्पा वायरमनला धरून फियाटमध्ये चोरघंटी बसवून घेतली. घंटी कसली, भोंगाच तो. कुणी दाराला हात लावला की गल्ली डोक्यावर घ्यायचा. तो भोंगा महिनाभर आपोआप वाजतोय. गाडीजवळ चिटपाखरू नसताना. कधी तुटक तुटक, कधी सलग. शेजारचे नरसय्या कालच येऊन गेले. म्हणाले, "बाई, मिलचा भोंगा समजून आमची माणसं माग सोडून जेवायला उठतात. मी काय करायचं?" गल्लीत त्याला ह्यांच्यावरून 'रावसाहेबांचा भोंगा' असं नाव पडलंय. माझी शाळा दोन गल्ल्या पलीकडे, तिथंही ऐकू येतो. पोरं एकमेकांना कोपराने ढोसतात आणि मी फळ्याकडे तोंड करते.

लाजेचं जाऊ दे. मला भीती वेगळीच आहे. ज्या दिवशी भोंगा वाजतो त्या दिवशी मी घरी येते तर हे घामाने भिजलेले, चेहरा लालबुंद, छाती भात्यासारखी. डॉक्टरांनी बजावलंय की ह्यांना कसलाही धक्का सोसणार नाही, दुसरा झटका आला तर हातात काही उरणार नाही. मला तो भोंगा गप्प करायचाय. पण आम्हाला ना मूल ना बाळ, धावपळ करायला कोण आहे? शाळेच्या वेळात ह्यांच्याजवळ बसायला भीमाबाईला ठेवलंय, विड्या वळत उशाशी बसते, तेवढाच आधार.

निंगप्पा पेठेतून कधीच गेला. तुमच्या कुर्डुवाडीकडे कुठेतरी असतो म्हणतात. ज्याने बसवला त्यालाच त्याचं दुखणं कळेल. त्याला शोध. तू तर रेल्वेच्या वर्कशॉपात विजेचंच काम करतोस, तुला अवघड नाही.

तुझी,
वच्छलाआक्का


कुर्डुवाडी
२७ नोव्हेंबर १९७३

ती. आक्कास मानसिंगचा नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. वाचताना मी उभाच होतो, बसायची हिंमत झाली नाही.

निंगप्पाचा तपास करतो. पण आक्का, एवढं मोठं काम आहे का ते? बोनेट उघडायचं, बॅटरीची तार काढायची. भोंगा काय, गाडीचा बापसुद्धा वाजणार नाही. कुणीही करील. मी स्वतःच आलो असतो, पण इथं रजेचं नाव काढलं की साहेबाचा चेहरा असा होतो, जणू मी त्याच्या मुलीलाच मागणी घातली.

दाजी घाबरत असतील तर कानात कापसाचे बोळे घाल. त्या गल्लीत कापसाला काय तोटा? हसू नकोस, खरंच सांगतोय.

दाजींना माझा नमस्कार वाचून दाखव. मागच्या खेपेला मी निघताना त्यांनी माझं मनगट धरलं होतं, सोडतच नव्हते. ते अजून डोळ्यांपुढून जात नाही.

मानसिंग


साखर पेठ, सोलापूर
१५ डिसेंबर १९७३

चि. मानसिंग,

तुझ्या शहाणपणाचं फळ ऐक. धुळाप्पा ट्रकवाला, जो दर रविवारी गाडीला चक्कर मारून आणतो, त्याच्याकडून मी बॅटरीची तार काढून घेतली. दोन दिवस शांतता. पण हे अन्न घेईनात. तोंडाजवळ घास नेला की मान फिरवायची. रडणं असं, की भीमाबाईसुद्धा पदर तोंडाला लावून बसली. मी ओळखलं. गाडी मेली तसे आपणही मेलो, असं ह्यांच्या मनानं घेतलं. घाईघाईनं तार जोडायला लावली. दुसऱ्या दिवशी भोंगा पुन्हा सुरू, पण हे निदान पेज प्यायले. म्हणजे गाडी जिवंत ठेवायची आणि भोंगा तेवढा मारायचा. असा कारागीर मला पाहिजे.

आता कारागिरांची वरात सांगते. आधी गॅरेजवाला आणला. तो म्हणाला, "इंजनाचं काय बी सांगा बाई, वायरीचं आपल्याला कळत न्हाय." मग बॅटरीवाला. त्यानं पाणी भरलं, बॅटरी पुसली आणि तिचंच कौतुक करून गेला. मग रेडिओ दुरुस्त करणारा. तो थोडा शिकलेला दिसला. पण गंमत अशी, की हे सगळे मी घरी असते म्हणून रविवारी येतात, आणि रविवारी भोंगा वाजतच नाही! वाट बघत बसावं, चहा पाजावा, आणि भोंगा मुका. रेडिओवाला माझ्याकडे असा बघायला लागला, की मलाच तपासावं.

शेवटी त्यानंच विचारलं, "रविवारी इथं दुसरं काय बंद असतं?" मी म्हटलं, "माग." नरसय्यांच्या कारखान्याची आणि आमच्या शेडची भिंत एकच आहे. माग चालू झाले की आमच्या फडताळातली भांडी किणकिणतात. रेडिओवाल्यानं चुटकी वाजवली. भिंतीतून एक काळी तार येऊन गाडीला अडकवलेली असते. धुळाप्पा चक्कर मारायला जाताना ती सोडतो, आल्यावर पुन्हा लावतो, कारण ह्यांचा तसा हुकूमच होता. ती तार कशासाठी ते मलाही ठाऊक नाही. रेडिओवाल्याचं म्हणणं, ती जमिनीत सोडलेली असणार, भिंत हादरली की आत कुठेतरी टेकते आणि भोंगा वाजतो. मला पटलं. नरसय्यांना मात्र राग आला. "आमचे माग तुमच्या गाडीच्या आधीपासून आहेत, बाई," म्हणाले आणि चहा न पिता गेले.

भीमाबाईलाही विचारलं. ती म्हणते, "मी हितंच असते की बाई. भोंगा वाजला की पळत येते साहेबांजवळ." बिचारीचा जीव आहे ह्यांच्यावर.

रेडिओवाला ती तार तोडायला तयार आहे. पण निंगप्पाला विचारल्याशिवाय मला धीर होत नाही. त्याचा पत्ता लाव.

आक्का


कुर्डुवाडी
५ जानेवारी १९७४

ती. आक्का,

उशीर झाला, माफ कर. निंगप्पाचा माग लागलाय. तो करमाळ्याला असतो. मंदिराच्या यात्रा, लग्नं, उरूस, जिथं रोषणाई तिथं निंगप्पा. मागच्या रविवारी मुद्दाम करमाळ्याला गेलो तर घराला कुलूप. शेजारची म्हातारी म्हणाली, "त्यो गड्ड्याला गेलाय सोलापूरला, दिवे लावायला." म्हणजे तुला जो पाहिजे तो तुझ्याच गावात आहे आणि मी इथं धूळ खात हिंडतोय!

गड्ड्याच्या जत्रेत जाऊन शोध. ठेंगणा आहे, कानाला चिमटा अडकवलेला असतो, कन्नड हेल आहे.

तुझी मागाची गोष्ट मला पटते. आमच्या डब्यांतही हादऱ्यानं तारा टेकतात आणि दिवे लुकलुकतात. तरी पण विचारून घे.

मानसिंग


साखर पेठ, सोलापूर
१९ जानेवारी १९७४

चि. मानसिंग,

निंगप्पा सापडला नाही. जत्रेत शोधायचं म्हणजे काय? ह्यांना भीमाबाईवर सोपवून घाईघाईनं गेले. जिकडे बघावं तिकडे खांबावर माणूस, आणि प्रत्येकाच्या कानाला काहीतरी अडकवलेलं. मी खालून "निंगप्पा!" अशा हाका मारत होते आणि पाळण्यातली पोरं वरून मला वेडावत होती. एकानं सांगितलं, आत्ता इथं होता. दुसऱ्यानं सांगितलं, तो यंदा आलाच नाही. मग मी एका दगडावर बसून घेतलं. एवढी माणसं, एवढे दिवे, आणि माझ्या कामाचा एक माणूस मला मिळू नये. त्या गर्दीत मला रडू आलं, हे तुला म्हणून सांगते.

पण जत्रेनं एक केलं. जत्रेत माग बंद, माझी शाळाही बंद. मी सबंध वेळ घरातच होते, त्या एका फेरीखेरीज. आणि भोंगा एकदाही वाजला नाही! हेसुद्धा किती निवांत होते. मी तिळगूळ पाण्यात कालवून चमच्यानं भरवला तर ओठांच्या डाव्या कोपऱ्यातून हसले. आजारपणानंतर पहिल्यांदा. माग नाहीत तर भोंगा नाही, आणि भोंगा नाही तर हे सुखात. आता आणखी काय पुरावा पाहिजे?

माग सोमवारपासून सुरू होतील. मी आता थांबणार नाही.

आक्का


कुर्डुवाडी
२९ जानेवारी १९७४

ती. आक्का,

निंगप्पा भेटला. काल करमाळ्यात त्याच्या घरीच गाठला. हे पत्र मिळताच पहिलं काम कर: त्या काळ्या तारेला कुणालाही हात लावू देऊ नकोस.

तो जे बोलला ते तसंच लिहितो. मी सगळं सांगितल्यावर तो हसला आणि म्हणाला, "आपोआप कसं वाजतंय ते? ती तार साहेबांच्या कॉटपाशी गेलंय की. साहेबांनी मला म्हनले, निंगप्पा, चोर आलं तर झोपल्या जागी भोंगा वाजवता यावं. मी खिडकीच्या चौकटीत खाली एक बटन बसवून दिलं. बाईंना सांगू नको म्हनले. नवीन रंग दिलेल्या चौकटीला भोक पाडलं म्हनून बाई लई वरडतील, म्हनले."

मी त्याला विचारलं, माग हादरल्यानं वाजेल का? तो म्हणाला, "न्हाय हो. बोट लावल्याशिवाय न्हाय वाजत."

आक्का, दाजींची कॉट त्याच खिडकीला लागून आहे ना? आणि डावा हात खिडकीकडे?

मला पुढचं लिहवत नाही. तू शाळेत असतेस तेव्हाच तो वाजतो. तू घरी असलीस की वाजत नाही. यात मागांचा काय संबंध? मीसुद्धा डब्यातल्या दिव्यांचं ज्ञान पाजळत बसलो. भीमाबाई खरंच तिथं असते का, ते बघ.

रजेचा अर्ज टाकलाय. मिळो न मिळो, येतो.

मानसिंग


साखर पेठ, सोलापूर
२९ जानेवारी १९७४

चि. मानसिंग,

तुझ्या पत्राची वाट न बघता हे लिहिते आहे. सुटले एकदाची. गेल्या आठवड्यात रेडिओवाल्याला बोलावून ती काळी तार तोडून टाकली. गाडी चालू होते, दारं उघडतात, धुळाप्पा चक्कर मारून आला, सगळं ठीक. आणि भोंगा गप्प! माग धडधडताहेत आणि भोंगा गप्प! नरसय्यांनी सुनेच्या हाती शेंगाची पोळी पाठवली, म्हणजे तंटाही मिटला. शाळेत पोरांनासुद्धा चुकल्यासारखं होतंय.

फक्त ह्यांचं मला कळत नाही. मला वाटलं होतं, शांतता झाली की हे सुधारतील. उलट खंगत चालले आहेत. बोनेट उघडल्याचा आवाज ऐकला असेल, गाडीला पुन्हा काही केलं म्हणून रुसले असतील. पण ह्या वेळी गाडी तर चालू आहे! मी इंजिनाचा आवाज मुद्दाम ऐकवला, खिडकीही उघडली, मागांचा कापूस उडून आत येतो तरी. बघितलं नाही. काल घरी आले तर कॉटवरून निम्मे खाली लोंबत होते, कपडे ओले, ओठ कोरडे. डाव्या हाताच्या अंगठ्याचं नख उलून रक्त आलेलं. कशावर घासतात कोण जाणे. भीमाबाई म्हणाली, "आत्ता तर नीट हुते." मी हळद लावून चिंधी बांधली, तर त्या हातानं माझा दंड धरून एकटक बघत राहिले. काय सांगायचंय हो, म्हणून मी विचारत राहिले. माणूस समोर आहे आणि त्याचं एक अक्षर मला वाचता येत नाही. कसली मी मास्तरीण!

निंगप्पाला आता शोधू नकोस. त्याचं काम उरलं नाही.

आक्का


साखर पेठ, सोलापूर
६ फेब्रुवारी १९७४

मानसिंग,

तुझं पत्र मला शाळेच्या दारात मिळालं. पोस्टमन ओळखीचा, वाटेतच त्यानं हातात ठेवलं. वाचत वाचतच घराकडे वळले. चप्पल कुठे सुटली ते कळलं नाही.

बटण होतं. चौकटीच्या खालच्या अंगाला, पडद्यामागे, नेमकं त्यांचा हात पोचेल तिथं. भोवतीचा रंग पार खरवडून लाकूड दिसत होतं. ती माझ्या नव्या रंगाची चौकट. मी बटण दाबून बघितलं. आवाज नाही. हे माझ्याकडे बघत होते, आणि मला कळलं हे त्यांना कळलं. मी त्यांच्या पायांवर डोकं ठेवून रडले. नवऱ्यापुढे आजवर कधी नमतं घेतलं नव्हतं.

भीमाबाई घरात नव्हती. आली ती सूप काखेत घेऊन. तिला मी काही बोलायच्या आधीच खाली बसली. "विड्या द्यायला जावंच लागतंय की बाई रोज दुपारच्याला. न्हाय तर कारखान्यातनं नाव जातंय. साहेब झोपल्यात असं बघूनच जात हुते." दिवसभर ह्यांच्या उशाशी बसून ती विड्या वळायची ते मला दिसत होतं. पण वळलेल्या विड्या रोज कारखान्यात नेऊन द्याव्या लागतात, हे मी साखर पेठेत राहून विसरले. त्या वेळात ह्यांना तहान लागायची, अंथरूण भिजायचं, आणि हे मला हाक मारायचे. अख्खी गल्ली ती हाक ऐकून धावत यायची आणि गाडीला शिव्या देऊन परत जायची. भिंतीच्या अलीकडे माणूस आहे, हे कुणाच्या मनात आलं नाही. मी शाळेत ती हाक ऐकत होते, मानसिंग. स्पष्ट ऐकत होते, आणि फळ्याकडे तोंड करत होते.

त्याच दिवशी तार जोडून घेतली. ह्यांचं बोट धरून मी बटणावर ठेवलं, दाबलं. भोंगा असा वाजला की पत्रे थरथरले. नरसय्या पळत आले, आणि ह्या वेळी गाडीकडे न जाता सरळ घरात शिरले. सगळं ऐकल्यावर ह्यांचा पाय चेपत बसले. आता दुपारी ते थोडा वेळ माग थांबवतात, हाक ऐकू यावी म्हणून. सगळ्या गल्लीला सांगून ठेवलंय, भोंगा वाजला की आत जायचं. भीमाबाईही शेजारणीला बसवल्याशिवाय बाहेर जात नाही. परवा मात्र शेजारीण चूल बघायला गेली आणि तेवढ्यात अंथरूण भिजलं. मी आले तेव्हा हे तसेच पडून होते. डोळे उघडे, हात छातीवर.

तार जोडली त्या दिवसापासून त्यांनी आपण होऊन बटणाला हात लावलेला नाही. मी समजावते, हात धरून नेते, ते मूठ वळतात. नरसय्या संध्याकाळी दारात येऊन विचारतात, "आज पण नाही वाजला?" मी मान हलवते.

भोंगा आता अगदी नीट आहे. रेडिओवाला म्हणाला, पुन्हा बघायची गरज पडणार नाही. पण आपण हाक मारली तर कुणी येतं, हे ह्यांच्या मनातलं तुटलंय, आणि ते मीच पाठीमागे लागून, माणूस शोधून तोडून घेतलं. ते जोडणारा माणूस मला कुठे मिळेल? तू सांगशील तिथं येते, कुणाच्याही पाया पडते.

रजा मिळाली नसली तरी ये. तुझं मनगट त्यांनी धरलं होतं ना, कदाचित तुझं ऐकतील. दुपारीच पोच. मी वर्गातच असेन, पण खिडकीशी, कान तिकडे लावून.

वच्छला